वाचनालयाच्या नोंदी वेबवर: एपीआयची खिडकी कशी बांधली

२०२४ च्या ऑगस्टअखेर वडोदऱ्यात विश्वामित्री नदीचं पाणी कारेलीबागेत शिरलं. आमच्या छोट्या वाचनालयाची पुस्तकं बऱ्यापैकी वाचली, कारण मांडण्या उंचावर होत्या. वह्या मात्र टेबलाच्या खालच्या खणात. दाखल नोंदवही, सभासदांचा चोपडा आणि देवघेवीची वही, तिन्ही फुगून पावासारख्या झाल्या. ग्रंथपाल काकांनी गच्चीत दोरी बांधून पानं वाळवली, काहींना इस्त्रीसुद्धा केली. शाईच्या जागी नुसते निळसर ढग उरले होते. ‘कुणाकडे कोणतं पुस्तक आहे ते आता पुस्तकानंच येऊन सांगायचं,’ असं म्हणून त्यांनी इस्त्री बंद केली.

त्या दिवाळीनंतर मी हे ॲप करायला घेतलं. मी सॉफ्टवेअरवाली नाही. एकतीस वर्षं औषधांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा निवृत्तीनंतर भाच्याकडून शिकले, तेही त्याच्या ‘मावशी, हे गूगल कर ना’ या पद्धतीनं. पण नोंदी ठेवणं मला येतं, आणि या कामात निम्म्याहून जास्त भाग तोच आहे. तुमच्याकडे वाचनालय नसेल, मंडळाची वर्गणी असेल, शिकवणीची हजेरी असेल, तरी कृती हीच.

आधी एपीआय म्हणजे काय ते माझ्या भाषेत. आमच्या स्टोअरला एक खिडकी होती. आत कुणालाही प्रवेश नाही, मॅनेजरलासुद्धा नाही. ज्याला माल हवा त्यानं ठरलेल्या नमुन्याची चिठ्ठी खिडकीतून द्यायची. चिठ्ठी बरोबर असेल तर माल मिळेल आणि बिनकार्डावर, म्हणजे त्या मालाच्या साठ्याच्या कार्डावर, नोंद होईल. चुकीची असेल तर चिठ्ठी कारणासह परत. एपीआय म्हणजे ही खिडकी. डेटाबेस म्हणजे आतलं स्टोअर. आणि फोनवर किंवा संगणकावर दिसणारं ॲप म्हणजे खिडकीबाहेर उभा असलेला माणूस. तो कितीही गोड बोलला तरी नियम आतल्या बाजूला असले पाहिजेत. नव्यानं शिकणारे बहुतेक जण (मीही) सगळे नियम पडद्यावर लिहितात आणि मागे दार उघडंच राहतं.

संगणक बाजूला ठेवा आणि आधी कागदावर वहीचे रकाने आखा. मी पाठकोऱ्या कागदावर तीन वह्या आखल्या. पहिली पुस्तकांची: दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशनवर्ष, किंमत, स्थिती. दुसरी सभासदांची: सभासद क्रमांक, नाव, फोन, अनामत. तिसरी देवघेवीची: कोणतं पुस्तक, कोणता सभासद, दिल्याची तारीख, परतीची मुदत, प्रत्यक्ष परत आल्याची तारीख. हा शेवटचा रकाना रिकामा असेल तर पुस्तक बाहेर आहे. ‘बाहेर’ असा वेगळा शिक्का पुस्तकांच्या वहीत मारू नका. एकच गोष्ट दोन वह्यांत लिहिली की महिन्याभरात त्या एकमेकींशी भांडायला लागतात.

भाचा म्हणाला, पुस्तकाची ओळख आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावर, ठेवू. मी म्हटलं, आमच्या मांडणीवर ये एकदा. निम्म्या पुस्तकांना तो क्रमांकच नाही, आणि ज्यांना आहे त्यांतल्या काहींना दहा आकडी, काहींना तेरा आकडी, कारण तेरा आकडी क्रमांक २००७ पासून सुरू झाले. शिवाय एकाच कादंबरीच्या तीन प्रती असल्या की तिघींचा आयएसबीएन एकच. देवघेव प्रतीची होते, कादंबरीची नव्हे. म्हणून काकांनी प्रत्येक प्रतीच्या आतल्या पानावर शाईनं लिहिलेला दाखल क्रमांक हीच खरी ओळख.

वर्गीकरणाच्या भानगडीत मी पडले नाही. याच शहरात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन हा अमेरिकन ग्रंथपाल आणून मोठं मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, त्यानं इथे वर्गीकरणाची स्वतंत्र पद्धतही बसवली. आमच्याकडे कादंबरी, कथा, चरित्र आणि ‘इतर’ एवढेच विभाग आहेत, आणि इतरमध्ये निम्मं वाचनालय आहे. जे वहीत होतं तेच ॲपमध्ये आणलं.

रकाने आखताना तीन बारीक गोष्टी. फोन नंबर आकडा म्हणून नव्हे, मजकूर म्हणून साठवा. त्याची बेरीज कुणी करणार नाही आणि सुरुवातीचं शून्य गेलं की परत येत नाही. दंड आणि अनामत रुपयांत नव्हे, पैशांत, पूर्णांकात ठेवा. दशांश अपूर्णांकात ठेवलेल्या रकमांची बेरीज संगणक कधीकधी पैशाच्या लांब शेपटीसकट दाखवतो. आणि तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशीच लिहा, म्हणजे मजकूर म्हणून क्रम लावला तरी ती बरोबर लागते.

आता संगणक. मी निवडलं ते पायथन, त्यावर फास्टएपीआय (एपीआय बांधायची तयार चौकट), आणि डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट. एसक्यूलाइटला वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा डेटाबेस म्हणजे एक फाइल. एका वेळी एकालाच लिहिता येतं, पण आमच्यासारख्या छोट्या वाचनालयाला त्याची अडचण होत नाही. आज्ञा अर्थात रोमन अक्षरांत टाइप करायच्या, मी इथे उच्चार लिहिते. वेगळा फोल्डर करून त्यात पायथनचं आभासी वातावरण, म्हणजे व्हेन्व, तयार करा आणि ते चालू करा. मग ‘पिप इन्स्टॉल’ पुढे फास्टएपीआय, आणि त्याला चिकटून चौकटी कंसात ‘स्टँडर्ड’ लिहा. सगळं मिळून अवतरणात घाला, नाहीतर काही टर्मिनलं त्या कंसावर अडतात. मेन नावाच्या पायथन फाइलमध्ये ॲप लिहिलं की ‘फास्टएपीआय डेव्ह’ आणि फाइलचं नाव दिल्यावर ते आपल्याच संगणकावर ८००० क्रमांकाच्या पोर्टवर सुरू होतं.

ब्राउझरमध्ये त्या पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि ‘डॉक्स’ लिहून पाहा. तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक खिडकीचं पान आपोआप तयार झालेलं दिसेल आणि तिथूनच चिठ्ठी टाकून पाहता येईल. पडदा बांधण्याआधी मी दोन आठवडे फक्त या पानावरच काम केलं. तुम्हीही तसंच करा. पडदा आधी केला की रंग निवडण्यात दिवस जातो.

खिडक्या थोड्याच लागतात. पुस्तकांची यादी मागायची ती ‘गेट’. नवं पुस्तक दाखल करायचं ते ‘पोस्ट’. असलेल्या नोंदीतला एखादा रकाना दुरुस्त करायचा तो ‘पॅच’. सभासदांचं तसंच. देवघेवीला दोन: पुस्तक देणं आणि परत घेणं. ‘डिलीट’ मी ठेवलेलंच नाही. स्टोअरमध्ये नोंद खोडायची पद्धत नव्हती. लाल रेघ मारायची, कारण लिहायचं, सही करायची. फाटलेलं, हरवलेलं, रद्दीत गेलेलं पुस्तक इथेही नोंदीत राहतं, फक्त त्याची स्थिती बदलते आणि कारणाचा रकाना भरावा लागतो. यादी एकदम सगळी पाठवू नका, पन्नास-पन्नास पाठवा.

खिडकीचा पत्ता रोमन अक्षरांत ठेवा. मी हौसेनं ‘पुस्तके’ असा देवनागरी पत्ता ठेवला होता. चालतो, पण ब्राउझर तो पाठवताना प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट करतो आणि प्रत्येक बाइटची टक्केवारीच्या खुणेसकट तीन अक्षरं. सात चिन्हांच्या ‘पुस्तके’ची त्रेसष्ट अक्षरं झाली. काही बिघडलं की लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, ती माळ वाचत बसायची.

चिठ्ठीचा नमुना फास्टएपीआयमध्ये मॉडेल म्हणून लिहितात: दाखल क्रमांक पूर्णांक, नाव किमान एक अक्षर, वगैरे. नमुन्यात न बसणारी चिठ्ठी आली की ते स्वतःच ४२२ हा क्रमांक देऊन परत पाठवतं आणि कुठला रकाना चुकला तेही सांगतं. बाकीचे क्रमांक आपण द्यायचे. नवी नोंद झाली तर २०१. मागितलेलं पुस्तक किंवा सभासद सापडला नाही तर ४०४. आणि चिठ्ठी बरोबर आहे पण वस्तुस्थितीशी भांडते आहे, तर ४०९. हा शेवटचा क्रमांक मला फार आवडतो, त्याची गोष्ट सांगते.

काकांना संगणकावरच्या प्रत्येक गोष्टीवर दोनदा टिचकी मारायची सवय. ‘द्या’ या बटणावरही दोनदा. मी खिडकीत नियम लिहिला होता: आधी पाहा पुस्तक बाहेर आहे का, नसेल तर नोंद करा. कागदावर अगदी बरोबर. प्रत्यक्षात काकांच्या दोन टिचक्यांच्या दोन चिठ्ठ्या जवळजवळ एकदम आल्या. दोघींनी पाहिलं, दोघींना पुस्तक आतच दिसलं, दोघींनी नोंद केली. एकच पुस्तक एकाच बेनना दोनदा गेलं. परत आल्यावर एक नोंद मिटली, दुसरी तशीच उभी, आणि त्या बिचाऱ्यांवर दंड चढत राहिला. त्यांनी हसून विचारलं, ‘भाऊ, आ शुं छे?’ काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

बटण एका टिचकीनंतर निष्क्रिय करणं ही वरवरची मलमपट्टी. खरा नियम वहीतच हवा. एसक्यूलाइटमध्ये देवघेवीच्या तक्त्यावर पुस्तकाच्या रकान्याचा अद्वितीय इंडेक्स (तेच पुस्तक दोनदा येऊ न देणारी सूची) करा आणि त्याला अट घाला: परत आल्याची तारीख रिकामी असेल तेवढ्याच नोंदींना लागू. म्हणजे एका पुस्तकाच्या मिटलेल्या नोंदी शंभर असोत, उघडी नोंद एकच राहू शकते. दुसरी चिठ्ठी आली की डेटाबेस स्वतः ती नाकारतो, पायथनमध्ये इंटेग्रिटी एरर येते, ती पकडून आपण ४०९ पाठवायचा आणि सोबत ‘हे पुस्तक आधीच बाहेर आहे’ असं मराठीत वाक्य. पुस्तक किंवा सभासदच अस्तित्वात नसेल तर ते मात्र आधी तपासून ४०४ द्या, नाहीतर सगळ्या चुकांना एकच वाक्य लागेल. ही दुसरी तपासणी डेटाबेसवरही असावी म्हणून तक्ते एकमेकांशी जोडतात, पण एसक्यूलाइट ती जोडणी मुळात पाळतच नाही. प्रत्येक नवं कनेक्शन उघडल्यावर ‘प्राग्मा फॉरेन कीज’ चालू करावं लागतं. मला हे तीन आठवड्यांनी कळलं, तोवर अस्तित्वात नसलेल्या सभासद क्रमांक १० कडे दोन कादंबऱ्या होत्या.

चिठ्ठीतला मजकूर जोडून एसक्यूएलचं, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेचं, वाक्य बनवू नका. प्रश्नचिन्हाची जागा ठेवा आणि चिठ्ठीतला मजकूर वेगळा द्या, म्हणजे तो आज्ञा म्हणून वाचला जात नाही.

आता मराठी. इथे माझे सगळ्यात जास्त दिवस गेले. वाळवलेल्या वह्यांचे फोटो काढून आमच्या गल्लीतल्या पोरांनी रविवारी बसून एक्सेलमध्ये यादी टाइप केली, मोबदला सेव-उसळ. शोध लावला तर ‘दुसऱ्या’ शब्दाची तीन पुस्तकं डोळ्यांसमोर दिसताहेत आणि ॲप म्हणतंय, काही नाही. अक्षर न् अक्षर सारखं! भाच्यानं प्रत्येक चिन्हाचा क्रमांक छापून दाखवला तेव्हा कळलं. तो तुऱ्यासारखा ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. एक, टिंबाचा ऱ, त्याला हलन्त आणि या. दुसरा, साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग या. पडद्यावर जुळे भाऊ, आतून परके. ‘ॲ’चंही तसंच: कुणी एकच अक्षर टाइप करतं, कुणी अ वर चंद्र देतं. युनिकोडचं (संगणकावर प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचं) एनएफसी नावाचं प्रमाणीकरण पायथनमध्ये तयार मिळतं, पण या दोन्ही जोड्या ते एक करत नाही.

म्हणून मी नावाशेजारी ‘शोधनाव’ असा एक छुपा रकाना केला. पुस्तकाचं नाव जसं आहे तसं पहिल्या रकान्यात. शोधनावात आधी एनएफसी, मग ऱ चा र, अदृश्य जोडचिन्हं काढून टाकली, अ वरचा चंद्र ॲ केला, दीर्घ वेलांट्या-उकार ऱ्हस्व केले. शोधणाऱ्यानं टाइप केलेल्या शब्दालाही हेच सोपस्कार करायचे आणि शोधनावात शोधायचं. त्यामुळे ‘कवीता’ टाइप करणाऱ्यालाही कविता मिळतात. शुद्धलेखनाच्या दृष्टीनं हे मला पटत नाही, पण वाचनालयाची खिडकी ही परीक्षा नव्हे.

क्रमाचंही सांगून ठेवते. डेटाबेस ‘ज्ञ’ ला ज च्या पोटात बसवतो, काका तो शेवटी शोधतात. ती दुरुस्ती मी अजून केलेली नाही. काकांनी सवय बदलली.

एक्सेलमधून यादी आणताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडून जतन करा. ती फाइल पायथनमध्ये उघडताना एन्कोडिंग साधं यूटीएफ-८ न देता त्याला ‘सिग’ जोडलेलं द्या. नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला एक अदृश्य चिन्ह चिकटतं आणि ‘दाखल क्रमांक नावाचा रकाना नाही’ असं ऐकून घ्यावं लागतं. एक जुनी यादी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होती. फॉन्ट बदलला की नुसती रोमन खिचडी. ती रूपांतर करून घेतली तरी जोडाक्षरं गेली होती, शेवटी पोरांनी पुन्हा टाइप केली. आणखी एक: आमच्या पडद्यावर लोक १२ हे मराठी आकड्यांत टाइप करतात आणि जावास्क्रिप्टला (पडद्यामागे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेला) ती संख्या वाटतच नाही. पाठवण्याआधी दहा आकड्यांची अदलाबदल करणारी एक ओळ घाला.

पडदा मी साध्या एचटीएमएलमध्ये केला: एक शोधपेटी, एक यादी, दोन बटणं. तो फास्टएपीआयकडूनच पाठवला जाईल असा ठेवा, म्हणजे पान आणि खिडकी एकाच पत्त्यावर राहतात आणि कॉर्सची, म्हणजे एका पत्त्यावरच्या पानानं दुसऱ्या पत्त्यावर मागणी करण्याबद्दलच्या ब्राउझरच्या नियमांची, कटकट उद्भवत नाही. पुस्तकाचं नाव पानावर दाखवताना ‘टेक्स्टकंटेंट’ वापरा, ते नाव साधा मजकूर म्हणूनच दाखवतं. ‘इनरएचटीएमएल’ नको, ते त्याला कोड समजतं.

पहिल्या शनिवारी ॲप लावलं, काकांनी अकरा पुस्तकं दिली, प्रत्येक वेळी हिरवी पट्टी आली, ‘नोंद झाली’. रात्री मी पाहिलं तर नोंदी सात. चार चिठ्ठ्या खिडकीनं कारणासह परत पाठवल्या होत्या, आणि पडद्यानं ते कारण वाचलंच नव्हतं. ब्राउझरचा ‘फेच’, म्हणजे पडद्याकडून चिठ्ठी पाठवणारी आज्ञा, ४०४ किंवा ४०९ आला तरी स्वतःहून चूक मानत नाही. त्याच्या मते उत्तर आलं म्हणजे काम झालं. प्रत्येक उत्तराचं ‘ओके’ आपणच तपासायचं, नसेल तर सोबत आलेलं वाक्य लाल पट्टीत दाखवायचं. त्या चार नोंदी वाचल्या, कारण काकांनी माझ्यावर विश्वास न ठेवता वहीतही लिहिल्या होत्या.

लॉगिन, सर्व्हर वगैरे थोडक्यात. पासवर्ड तसाच साठवू नका, आरगॉन२ सारख्या पद्धतीनं त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ शब्द परत काढता येत नाही असा ठसा, साठवा. आमच्याकडे दोन प्रकारचे लोक आहेत: नोंद करणारे आणि फक्त पाहणारे. ओळख पटली नाही तर ४०१, पटली पण अधिकार नाही तर ४०३. सभासदांचे फोन नंबर फक्त नोंद करणाऱ्यांना दिसतात, आणि हे गाळणं खिडकीच्या आत होतं. पडद्यावर लपवलेला रकाना ब्राउझरमध्ये कुणालाही उघडता येतो. गुप्त किल्ल्या कोडमध्ये न लिहिता वेगळ्या एन्व्ह फाइलमध्ये ठेवा आणि ती गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यात) जाणार नाही याची काळजी घ्या. आम्ही एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला, पुढे कॅडी हा वेब सर्व्हर प्रोग्राम बसवला. एचटीटीपीएसचं (सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्र तो स्वतःच आणतो आणि मुदत संपण्याआधी बदलतो. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की ॲप आपोआप उठावं म्हणून सिस्टमडीत (लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू ठेवणाऱ्या व्यवस्थेत) त्याची नोंद केली.

राहिली डेटाबेसची राखीव प्रत. ज्या कारणानं हे सगळं केलं ते. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नका, मध्येच कुणी लिहीत असेल तर अर्धवट प्रत निघते. एसक्यूलाइटची स्वतःची ‘बॅकअप’ आज्ञा आहे, ती वापरा. रोज रात्री ती चालते आणि प्रत तारखेच्या नावानं बाजूला पडते. दर रविवारी एक प्रत इंदूरला माझ्या बहिणीच्या संगणकावर जाते, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ती प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडून, त्यावर ॲप चालवून, पाच पुस्तकं शोधून पाहते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा इंदूरला तीन आठवडे शून्य बाइटच्या फाइली जात होत्या, डिस्क भरली होती.

काका अजून वही लिहितात. नवी वही, वरच्या खणात. शनिवारी संध्याकाळी आम्ही वही आणि ॲप समोरासमोर ठेवून बाहेर असलेली पुस्तकं जुळवतो. गेल्या शनिवारी ॲपमध्ये बेचाळीस होती, वहीत एक्केचाळीस. काका उठले, चरित्रांच्या मांडणीवरून एक पुस्तक काढून आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. परत घेताना मीच बटण दाबायला विसरले होते.